उत्तरेच्या चौकातली माती

बर्लिन, जूनचा दुसरा आठवडा

प्रिय बाबा,

फोनच करणार होते. पण बर्लिन हा शब्द कानावर पडला की तुम्ही 'थांब, चुलीवर काहीतरी करपतंय' म्हणून फोन ठेवता, आणि तुमचा लेक मातो मला सांगतो की फेब्रुवारीपासून तुमच्या चुलीवर काही चढलेलंच नाही. उकडलेले बटाटे तो आणून देतो, चक्का आणि जवसाचं तेल तुम्ही वरून घालता, झालं जेवण. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. पत्र बाजूला सारलं तरी टेबलावरच राहतं, आणि तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. दोन दिवस त्याच्याकडे पाठ करून बसाल आणि तिसऱ्या दिवशी चष्मा शोधाल.

मातो हैराण झालाय, बाबा. त्याच्यावर ओरडू नका. आईच्या रक्षेचा कलश अजून अंत्यविधीवाल्यांच्या फडताळात आहे, आणि या महिन्याअखेर पालिकेची मुदत संपते. त्यानंतर ते त्यांच्या सोयीने, त्यांना वाटेल त्या कोपऱ्यात तिला ठेवून मोकळे होतील. प्रार्थना संपल्यावर तुम्ही उभे राहून म्हणालात, 'लिप्कोवची माती मिळाल्याशिवाय वोर्शाला खाली ठेवायचं नाही,' तेव्हा आम्हाला वाटलं, दुःखात बोलताहेत, आठवड्याभरात निवळतील. तुम्ही निवळणारे नव्हेच. मातोने शेजारपाजाऱ्यांच्या कुंड्यासुद्धा पालथ्या घातल्या. पावलिनाकाकूंनी गाव सोडताना आणलेली जिरेनियमची कुंडी तो तुमच्यापुढे घेऊन आला. तुम्ही चिमूटभर माती बोटांत चुरली, नाकाशी धरली आणि म्हणालात, 'ही दुकानातली पिशवीतली माती आहे. नुसतं नाव लिप्कोवचं लावलंय.' पावलिनाकाकू अजून तुमच्याशी बोलत नाहीत. पण खरं सांगायचं तर तुमचंच बरोबर होतं. वीस-बावीस वर्षांत त्या कुंडीतली माती पाच-सहा वेळा तरी बदलली असणार.

बाकी माती आणायची कुठून? जिथे आपलं गाव होतं तिथे आता पाणी आहे. कोळशाची खाण दमली, मग तिचा तलाव केला, आणि उन्हाळ्यात लोक शिडाच्या होड्या घेऊन आपल्या कोठारावरून जातात. गाव उठलं तेव्हा लोकांनी काय काय नेलं! दारं, चौकटी, चर्चची घंटा, चेरीच्या फांद्या. आपल्या मेलेल्या माणसांनासुद्धा कबरींच्या दगडांसकट हलवलं. तुम्हाला आई म्हणाली होती, एक घमेलं माती घेऊ या. तुम्ही म्हणालात, 'न्यायचं तर अख्खं गाव न्या, नाहीतर काही नको. मी काय कुंडीवाला आहे?' मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, आणि मला तुमचा फार अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो. तुम्ही गावाचे शेवटचे प्रमुख होतात, कोर्टाची पायरी न् पायरी चढलात आणि हरून आलात तरी मान खाली घातली नाही.

आणि मग तुमच्याच मुलीने त्या घरात नोकरी धरली. संसदेत आलेल्या पाहुण्यांना हिंडवून माहिती सांगायची नोकरी. अकरा वर्षांत तुम्ही एकदाही आला नाहीत. वर विचारता, 'काय म्हणतंय तुझं काचेचं टोपलं?' मी कितीदा सांगितलं, लिप्कोवचा निर्णय या घरात झालाच नव्हता, तो आपल्या राज्याच्या सभागृहात झाला. संघराज्य म्हणतात त्याला, कामं वाटून घेतलेली असतात. तुम्ही म्हणता, 'वाटून घेतली असतील, पण खोदणारं यंत्र एकच होतं.'

पण बाबा, मी या घराला भुलले आहे, हे आज स्पष्टच सांगते. शाळेतल्या पोरांना मी रोज त्याच त्या गमती सांगते, आणि पोरं जांभया देत असताना काटा येतो तो माझ्याच अंगावर. तुमचं ते काचेचं टोपलं, म्हणजे आमचा घुमट, सभागृहाच्या बरोबर डोक्यावर बांधलंय. साधी माणसं, आइस्क्रीम खात, लेकरं कडेवर घेऊन, खासदारांच्या डोक्यांवरून चालतात. मुद्दामच तसं केलंय, कोण वर आहे हे खालच्यांनी विसरू नये म्हणून. आतल्या भिंतींवर रशियन सैनिकांनी कोळशाने लिहिलेली नावं आहेत. युद्ध जिंकून ते इथे शिरले आणि 'मी इथवर आलो' म्हणून आपापलं नाव, गाव लिहून गेले. दुरुस्तीच्या वेळी ती अक्षरं सापडली, आणि ती पुसायची नाहीत असं ठरलं. आपल्याला हरवणाऱ्या माणसांची नावं या लोकांनी जपून ठेवली आहेत, आणि रोज सकाळी त्यांच्याच खालून खासदार कामाला जातात. मला याची अजून सवय झालेली नाही.

एकाच गोष्टीवर तुम्ही हसला होतात, आठवतं? हात वर केलेले मोजून बहुमत कुणाचं ते कळेना, तर सगळ्यांना सभागृहाबाहेर काढतात आणि तीन दारांतून परत आत घेतात. एक दार 'हो'चं, एक 'नाही'चं, एक 'माझं काही मत नाही'चं. दारात उभं राहून मोठ्याने मोजतात. या प्रकाराला मेंढरांची उडी म्हणतात, गंमत म्हणून नव्हे, खरोखर. तुम्ही विचारलंत, 'आणि कुत्रा कोण?' मी म्हटलं, कुत्रा नसतो. तर म्हणालात, 'कुत्र्याशिवाय आपापल्या दारातून आत येतात? मग माझ्या मेंढरांपेक्षा शहाणी आहेत.' आई भांडी घासता घासता इतकी हसली की तिला बसावं लागलं. आपलं शेवटचं मेंढरू विकल्यावर तुम्ही मेंढरांवर केलेला तो पहिला विनोद होता.

आता उत्तरेच्या चौकाबद्दल लिहिते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण माती हा शब्द तुमच्यापुढे काढायची माझी हिंमत नव्हती. या इमारतीच्या पोटात एक उघडा चौक आहे, वर आभाळ. तिथे जमिनीवर एक लांबरुंद लाकडी वाफा केलाय आणि त्यात पांढऱ्या उजेडाची अक्षरं बसवली आहेत. दर्शनी खांबांवर 'जर्मन लोकांसाठी' असं कोरलंय ना, ज्यावरून तुम्ही नेहमी म्हणता की मग आम्ही वेगळी भाषा बोलणाऱ्या सोर्ब लोकांनी बाहेर उभं राहायचं का? तर आतल्या वाफ्यात तसं नाही. तिथे लिहिलंय, 'रहिवाशांसाठी'. जो इथे राहतो त्याच्यासाठी, मग तो कुठल्याही रक्ताचा असो. यावरून सभागृहात काय भांडण झालं होतं! वाफा करायचा की नाही, यावर मतदान झालं आणि अवघ्या दोन मतांनी तो झाला. मग प्रत्येक खासदाराला सांगितलं, आपापल्या मतदारसंघातून माती आणा आणि अक्षरांच्या मधे ओता. कुणी द्राक्षमळ्यातली आणली, कुणी समुद्राकाठची, कुणी फुटबॉलच्या मैदानातली. तिथे कुणी पेरत नाही, कुणी खुरपत नाही, कुणी पाणीही घालत नाही. मातीबरोबर जे बी आलं ते उगवतं. काटेरी झुडपं, गवत, कुठूनशी आलेली पिवळी फुलं, सगळं एकमेकांत घुसून माजलंय. एवढ्या शिस्तीच्या घरात, जिथे खुर्चीचा निळा रंगसुद्धा ठरलेला आहे, तिथे हा एक तुकडा मोकळा सोडलाय. मी काचेपाशी उभी राहते आणि पुढचं बोलायचं विसरते.

तीन वर्षांपूर्वी आई इथे आली होती. तुम्हाला तिने डोळ्यांचा डॉक्टर सांगितला होता. डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं, रागावू नका. तिला सकाळची पहिलीच फेरी हवी होती. मी म्हटलं, एवढी घाई कशाला, आधी नीट नाश्ता कर. ती म्हणाली, 'नाश्ता दुपारीही होतो.' घुमट तिने भराभरा बघितला, सैनिकांच्या नावांपाशी छातीवर क्रॉसची खूण केली आणि चौक आल्यावर काचेला नाक लावून उभी राहिली. घोळका पुढे गेला तरी ही हलेना. शेवटच्या अक्षरापाशी गवतात जवसाची दोन-चार निळी फुलं होती. तुम्हाला माहीतच आहे, जवस दुपारपर्यंत पाकळ्या टाकून मोकळा होतो. आई म्हणाली, 'बघ, उगवलाय.' कोण उगवलाय, असं मी विचारलं तर म्हणाली, 'चल, मला आता भूक लागली.' आणि तीन पाव खाल्ले. मला वाटलं, बाईला जवसाचं कौतुक. त्यापुढे माझी अक्कल धावली नाही.

गेल्या मंगळवारी माझ्या फेरीत एक काठीवाले म्हातारे गृहस्थ होते. जुन्या खासदारांना कधीकधी बोलावतात, त्यातले. मी चौकापाशी माझं नेहमीचं सांगितलं, दोन मतांनी हे झालं वगैरे. ते मधेच म्हणाले, 'मी विरोधातला. पोरखेळ वाटला होता मला.' लोक हसले. मग त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि माझ्याकडे टक लावून बघत विचारलं, 'लाशिक? लिप्कोवच्या किटो लाशिकची कोण?' मी म्हटलं, मुलगी. ते म्हणाले, 'मी ड्रेशर. तुझ्या वडिलांनी एकदा माझी टोपी उचलून दाराबाहेर ठेवली होती.' बाबा, आपल्याच मतदारसंघाच्या ज्या खासदाराचं नाव आपण घरात शिवीसारखं वापरलं, तो माणूस माझ्यापुढे काठी टेकून उभा होता, आणि मला त्याला खुर्ची द्यावीशी वाटली. दिली.

त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. खानावळीतल्या त्या सभेत ते कोळशाच्या बाजूने बोलले आणि तुम्ही त्यांची टोपी बाहेर ठेवलीत, म्हणजे तिच्या मागोमाग त्यांनाही जावं लागलं. दुसऱ्या दिवशी ते गावातून गाडीकडे चालले होते. तुम्ही मेंढरांकडे गेला होतात. कुंपणापाशी आई उभी होती. तिने हाक मारली, 'अहो ड्रेशरसाहेब, टोपी सापडली का?' ते वरमले. मग ती म्हणाली, 'पेपरात वाचलं, तुम्ही लोक बर्लिनला गावोगावची माती गोळा करताय. मग आमची का नाही?' ते म्हणाले, 'बाई, मी त्याच्या विरोधात मत दिलंय.' तर आई म्हणते, 'मग काय झालं? गावाच्या विरोधात बोललात, तरी आलातच ना गावात?' तिने कोठारामागच्या जवसाच्या वाफ्यातून दोन पोती माती भरली. त्यांना हातसुद्धा लावू दिला नाही. पोत्यांची तोंडं बांधून झाल्यावर तिने विचारलं, 'तुमच्या त्या संसदेखाली कोळसा आहे का?' ते हसले, नाही म्हणाले. 'आणि उद्या सापडला, तर तिथे खोदतील का?' ते म्हणाले, 'नाही बाई. तिथे कुणी खोदणार नाही.' 'मग तिथेच ठेवा,' आई म्हणाली, आणि फाटक लावून घेतलं.

बाबा, मी तिथेच पायरीवर बसले. या घराच्या हजार गमती मला पाठ आहेत. कुठली वीट कुठल्या साली बसली ते सांगते मी लोकांना. आणि अकरा वर्षं रोज ज्या काचेपुढे उभी राहून बोलते, त्या काचेच्या पलीकडे आपल्या कोठारामागची माती पडलेली होती. तुम्ही कायदा घेऊन लढलात, कागद घेऊन लढलात, आणि आईने शांतपणे सगळ्या देशात यंत्र पोचणार नाही अशी एकच जागा शोधून काढली, आणि माती तिथे पोचवली तीही शत्रूच्याच खांद्यावरून. मला रडू आलं, आणि खरं सांगते, हसूही आलं. केवढी बाई होती ती! आपण तिला जवस घाणीवर नेण्यापुरतं आणि काकड्या खारवण्यापुरतं हुशार समजत होतो.

तुम्ही काय म्हणाल ते मला इथे बसून ऐकू येतंय. 'ती आता लिप्कोवची कशी? त्यात बव्हेरियाची आली, हाम्बुर्गची आली, कुणाकुणाची आली.' आली आहे. खोटं कशाला सांगू? पण ड्रेशरांना जागा पक्की आठवते. शेवटच्या अक्षराच्या कोपऱ्यात त्यांनी पोती मोकळी केली, तिथेच दर जूनमध्ये जवस येतो, आजही आला होता. त्या कोपऱ्यातली मूठ आपल्याच वाफ्यातली आहे, आणि त्यात वाऱ्याने आणलेलं थोडं बाकीच्या देशाचं असेल, तर असू दे. आपल्या गावच्या लग्नांनाही बाहेरची माणसं यायचीच की. आणि ही दुकानातली पिशवी नाही, हे तुम्हाला वास घेतल्याबरोबर कळेल. न कळलं तर मी हट्ट करणार नाही.

मी या वाफ्याचं काम बघणाऱ्या इथल्या बाईंना विचारून घेतलंय. खासदारकी संपली की आपल्या वाट्याची माती परत न्यायची, हा या वाफ्याचा पहिल्यापासूनचा रिवाज आहे. 'पण न्यायला येतंय कोण?' असं त्या म्हणाल्या. ड्रेशरांनीही कधी नेली नव्हती. आता ते तयार आहेत. पुढच्या गुरुवारी सकाळी ते येतील. मात्र ते म्हणाले, 'मला वाकता येत नाही. खुरपं किटो लाशिकनेच धरावं. आणि या वेळी माझी टोपी डोक्यावर राहू द्यावी.' मातो तुम्हाला कोटबुसहून गाडीत घालून आणेल. तुम्हाला घुमटाखाली जावं लागणार नाही, कुणाला नमस्कार करावा लागणार नाही. बाजूच्या दाराने आत, चौकात, आणि परत. शुक्रवारी आपण आईला खाली ठेवू.

हे सगळं मातोबरोबर निरोप पाठवूनही कळवता आलं असतं. पण ड्रेशर जाताना आणखी एक वाक्य बोलले, ते मला दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुमच्यापर्यंत जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून हे पत्र. त्यांनी तेव्हा आईला विचारलं होतं, 'बाई, हे तुमच्या यजमानांना सांगू का?' ती म्हणाली, 'नका सांगू. आज ते तोऱ्यात आहेत, मूठभरसुद्धा घेणार नाहीत. पण म्हातारपणी त्यांना लिप्कोव आठवेल, आणि ते गेल्यावर मी काय टाकू त्यांच्यावर? माझ्या हातात मावेल एवढी तरी कुठेतरी शिल्लक राहू दे.' तुम्ही तिच्याहून आठ वर्षांनी मोठे, म्हणून ती धरूनच चालली होती की आधी तुम्ही जाल. ती माती तिने तुमच्यासाठी ठेवली होती, बाबा. आता तुम्ही या, आणि ती तिच्यासाठी घेऊन जा.

तुमची वाट बघणारी, तुमचीच
हान्का